टोमॅटोचा पहिला घोस खुडायचा की ठेवायचा?

पाऊस लांबला की मराठवाड्यात टोमॅटोची रोपं ट्रेमध्येच अडकून पडतात. 25-30 दिवसांची लावायची ती 40-45 दिवसांची होतात आणि वीतभर उंचीवरच पिवळी कळी दाखवतात. साधारण 7 ते 12 पानं झाली की टोमॅटोचा शेंडा फुलोऱ्याकडे वळतो. ट्रेच्या कप्प्यात मुळं कोंडली आहेत, याची तो फिकीर करत नाही.

पानांत तयार झालेली साखर मुळं, शेंडा आणि फळं यांच्यात वाटली जाते. या वाटणीत वाढतं फळ सगळ्यांत हावरं. कळी असेपर्यंत फारसं बिघडत नाही, पण फळ धरलं की मुळांचा वाटा घटतो. काळ्या जमिनीत हे महागात पडतं. झडीत पाणी साचून मुळं गुदमरतात, उघडीप पडली की जमीन भेगाळून बारीक मुळं तुटतात. आधीच तोकडी मुळं असलेलं रोप मग दोन-चार फळं धरून तिथेच खुरटतं.

म्हणून लागवडीच्या दिवशी घोस, म्हणजे कळ्या-फुलांचा झुपका, दिसत असेल तर खुडा. पुढच्या 2-3 आठवड्यांत, शेंड्याला जोमदार नवी पानं सुटण्याआधी दुसरा आला तर तोही. त्यानंतर मात्र हात आवरायचा.

चुका होतात त्या खुडतानाच. बगलफूट, म्हणजे बाजूची कोवळी फांदी, पानाच्या बेचक्यातून निघते. घोस दोन पानांच्या मधल्या खोडातून येतो. लहान रोपात तो शेंड्याला खेटून असतो, घाईत शेंडाच जातो. सकाळी दव वाळल्यावर देठ चिमटीत धरून बाजूला मोडला की कोवळा घोस टचकन तुटतो. खाली ओढला तर खोडाची साल सोलते आणि त्या जखमेतून रोग शिरतो. चिवट देठाला कात्री बरी. आणि हो, तंबाखू मळलेले हात आधी साबणानं धुवा. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो आणि हातावरून टोमॅटोत जातो. त्यावर औषध नाही.

घोस काढला म्हणून लगेच युरिया ओतू नये. नत्र जास्त झालं की झाड माजतं, पानं गर्द होतात आणि पुढची फुलं गळतात.

सगळ्याच टोमॅटोंना ही खुडणी मानवत नाही. तार-काठीवर वाढतच राहणारे वाण पुढे घोस देत राहतात, त्यांचा एक गेला तरी भरून निघतो. ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या बुटक्या वाणांत घोस मोजकेच. तिथे खुडायचा तो फक्त ट्रेमध्ये आलेला.

उन्हाळी लागवडीत हिशेब उलटा होतो. दिवसाचं तापमान 35 अंशांपुढे गेलं आणि रात्रीही गारवा नसला की परागकण निकामी होऊन फुलं गळतात. एप्रिलमध्ये परभणी, लातूरकडे पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे तिथे आधीचे घोसच भरवशाचे. खुडणीमुळे पहिला तोडा एक-दोन आठवडे लांबतो, आणि फेब्रुवारीत लावलेल्या टोमॅटोला तेवढी सवड नसते. त्यामुळे उन्हाळ्यासाठी 25 दिवसांचं, कळी न धरलेलं रोपच आणावं.