शासकीय संकेतस्थळे : सोलापूर जिल्ह्यातील जाणीव व वापर

केंद्र शासन, राज्य शासन किंवा स्थानिक स्वराज्य संस्था नागरिकांना माहिती व सेवा देण्यासाठी जे अधिकृत संकेतस्थळ चालवते, ते शासकीय संकेतस्थळ. सोलापुरात जिल्हा प्रशासन, जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि पोलीस यांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. सर्वसामान्य माणसाची कामे मात्र बहुतेक राज्याच्या किंवा केंद्राच्या संकेतस्थळांवर होतात : सातबारा भूमी अभिलेख विभागाकडे, दाखले ‘आपले सरकार’वर, शिकाऊ लायसन्स ‘परिवहन’वर, शिष्यवृत्ती आणखी तिसरीकडेच. कोणते काम कुठे होते हा घोळ सुटला की निम्मे काम झाले, असे महा ई-सेवा केंद्रांचे चालक सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

या जिल्ह्यात सर्वांत रुळलेले संकेतस्थळ म्हणजे सातबारा दाखवणारे ‘महाभूलेख’. अकरा तालुक्यांच्या या शेतीप्रधान जिल्ह्यात पीककर्जासारख्या कामांना सातबारा लागतो. त्यावर जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक असे निवडत जावे लागते. गट क्रमांक आठवत नसेल तर नावावरूनही शोध घेता येतो. येथे फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो, तसे त्यावर छापलेलेही असते. बँकेत किंवा कचेरीत चालणारा उतारा डिजिटल स्वाक्षरीचा. तो वेगळ्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि त्यावरील क्यूआर कोडवरून खरा-खोटा पडताळता येतो. फुकटच्या उताऱ्याची प्रिंट घेऊन बँकेत गेलेला शेतकरी परत पाठवला जातो तो एवढ्यासाठीच. तलाठी हे पदनाम २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. त्यांच्या सज्जावरची (कार्यालयातली) गर्दी कमी होण्यात या १५ रुपयांच्या उताऱ्याचा वाटा आहे.

भूमी अभिलेख विभागाचेच ‘आपली चावडी’ हे पान मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते, आणि उपयोगाच्या दृष्टीने ते सातबाऱ्याहून उणे नाही. पूर्वी फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतील बदलाची) नोटीस चावडीवर लागे, आता ती येथेही दिसते. खरेदी, वारस, बोजा अशी नोंद धरली गेली की हरकतीची मुदत सुरू होते. माढा-करमाळ्याकडचा माणूस पुण्यात कामाला असेल आणि गावाकडे सामाईक गटात काही उलाढाल चालली असेल, तर ती वेळेत कळण्याची ही सोय आहे. नोंद मंजूर झाल्यावर कळले तर पुढे प्रांताकडे अपील आणि तारखा. हाच फरक इतर ठिकाणीही दिसतो. जो कागद हातात पडतो त्याचे संकेतस्थळ लोकांना माहीत असते, जिथे नुसता हक्क कळतो ते पान उघडले जात नाही.

‘आपले सरकार’चे तसेच. त्यामागचा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची हे त्यानुसार जाहीर करावे लागते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी सेवा हक्क आयोग अशी वाट आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्न, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर दाखल्यांसाठी सेतू व महा ई-सेवा केंद्रांवर रांगा लागतात, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येते. त्या रांगेत अपिलाची वाट ठाऊक असलेले थोडेच.

प्रत्यक्षात संकेतस्थळ वापरतो तो बहुधा केंद्रचालक किंवा झेरॉक्सवाला. अडाण्याला, म्हाताऱ्याला याने मोठी सोय होते. अडचण येते ती मोबाइल क्रमांकाची. घाईत अर्जावर दुकानदाराचा क्रमांक टाकला गेला, तर ‘कागदपत्र अस्पष्ट, पुन्हा जोडा’ हा संदेश अर्जदारापर्यंत पोहोचत नाही. अर्ज त्रुटीत पडून राहतो आणि घरचे दाखल्याची वाट पाहत बसतात. स्वतःचा क्रमांक देणे आणि अर्ज क्रमांकाची पावती जपणे एवढे केले तरी स्थिती घरबसल्या पाहता येते.

भाषेचा प्रश्न सोलापुरात जरा वेगळा आहे. शहराच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात उर्दूही. राज्याची संकेतस्थळे मराठीत आहेत, पण केंद्राच्या अनेक अर्जांची भाषा इंग्रजी-हिंदी. विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावी लागते. विडी वळणाऱ्या बायकांची मोठी संख्या असलेल्या या शहरात ती महत्त्वाची आहे. अर्ज भरला म्हणजे झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात शाळेने पडताळणी केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, म्हणून अर्जानंतर आईने एकदा शाळेच्या ऑफिसात विचारून यावे लागते.

नक्कल करणारी संकेतस्थळेही असतात, विशेषतः जन्म-मृत्यू दाखल्यांच्या नावाने. खूण साधी : ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपणारा पत्ता खासगी व्यक्तीला मिळत नाही. शोध-यंत्रात सर्वांत वर दिसते ते अनेकदा जाहिरात असते. पैसे भरण्याआधी पत्त्याचा शेवट पाहावा.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात : अधिकाऱ्यांची कामे, निर्णयाची पद्धत, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी इत्यादी. बदली होऊन गेलेल्या साहेबांचे नाव आणि बंद पडलेला दूरध्वनी हे संकेतस्थळांवरील या माहितीतले नेहमीचे दृश्य. स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, ही दुसरी तक्रार. शासन निर्णयांचे राज्याचे संकेतस्थळ त्या मानाने नीट आहे. तेथे विभाग, तारीख किंवा निर्णयावर छापलेला संगणक सांकेतांक टाकून निर्णय काढता येतो. जाहीर माहिती अपुरी वाटली, तर राज्य शासनाच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावर १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुरावा जोडल्यास हे शुल्क लागत नाही.