प्रथिन किरीट

प्रथिन किरीट : नॅनोकण (अतिसूक्ष्म कण; येथे धातूच्या ऑक्साइडाचा) रक्तात, दुधात किंवा पेशीद्रवात पडला की त्याच्या पृष्ठभागावर बसणारा प्रथिनांचा थर. ‘प्रोटीन कोरोना’ ही संज्ञा २००७ पासून रूढ झाली. पेशीची गाठ उघड्या कणाशी क्वचितच पडते. तिला भेटतो तो हा थर.

पाण्यात ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट तयार होतात. सामूनुसार ते प्रोटॉन घेतात वा सोडतात, आणि त्यावरून कणाचा भार ठरतो. रक्ताचा सामू ७.४. तिथे झिंक ऑक्साइड धनभारित असते, तर रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन (समविद्युत बिंदू, म्हणजे निव्वळ भार शून्य होतो तो सामू, सुमारे ४.७) ऋणभारित; ओढ उघडच आहे. पण टायटॅनियम डायऑक्साइड त्याच सामूला ऋणभारित असूनही अल्ब्युमिन त्यावर बसते. अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट या प्रथिनातील अमिनो आम्लांचे कार्बॉक्सिल गट टायटॅनियमशी थेट बंध जोडतात, शिवाय पृष्ठभागावरचे पाणी सुटे होते, तेही या चिकटण्याला पोषक ठरते. म्हणून ‘विरुद्ध भार, म्हणून आकर्षण’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे.

रक्तात प्रथम विपुल व चपळ प्रथिने येऊन बसतात. पुढे घट्ट धरणारी प्रथिने त्यांना हटवतात. यास व्रोमन परिणाम म्हणतात.

कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर मिळते त्या म्हशीच्या धारोष्ण दुधाचे उदाहरण घ्यावे. त्यातील बहुतांश प्रथिन केसीन. त्याच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट गट असतात आणि ते टायटॅनियम डायऑक्साइडला घट्ट चिकटतात. फॉस्फेटयुक्त पेप्टाइडे (प्रथिनांचे तुकडे) वेगळी काढण्यासाठी प्रयोगशाळा हेच ऑक्साइड वापरतात, आणि पद्धत पारखायला नमुना म्हणून बहुधा केसीनच घेतात! रक्तातला कण आणि दुधातला कण रासायनिक सूत्राने एकच, पण किरीट पार निराळा.

शहरातील शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) धातू ऑक्साइडांच्या पातळ थरांवरील संशोधनाची परंपरा आहे. नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभागही आहे. नवख्या अभ्यासकाने दोन गोष्टी जपाव्यात. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची प्रतिदीप्ती (सुमारे ३४० नॅनोमीटर) मंदावली म्हणजे प्रथिन उलगडले असे नव्हे; कण स्वतःच प्रकाश शोषतात. आल्फा-सर्पिल (प्रथिनाची मळसूत्री घडी) किती टिकले हे २०८ व २२२ नॅनोमीटरवरील वर्तुळी द्विवर्णतेवरून (डाव्या व उजव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातील फरकावरून) पाहावे. दुसरे, झिंक ऑक्साइड थोडे विरघळते आणि सुटलेले जस्त-आयन हिस्टिडीन व सिस्टीनला धरतात. तेवढेच जस्त देणाऱ्या क्षाराचा तुलनाप्रयोग केल्याशिवाय परिणाम कणाचा की आयनाचा, हे ठरवता येत नाही.