फाटकावरची पाटी आणि कपाटातलं खरेदीखत: ब्रिटनच्या युद्धस्मारक मैदानांची पार्श्वभूमी

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये गावोगावी एकच वाद रंगला होता: जमलेल्या वर्गणीचं करायचं काय? एका गटाला स्तंभ किंवा क्रॉस हवा होता. दुसऱ्याचं म्हणणं, गेलेली पोरं खेळण्याबागडण्याच्या वयाची होती, त्यांच्या नावानं मैदानच द्या. काही ठिकाणी दोन्ही झालं. कॉव्हेंट्रीचं सुमारे १२० एकरांचं वॉर मेमोरियल पार्क १९२१ साली खुलं झालं, तिथला स्मारकस्तंभ १९२७ चा. आणि कितीतरी झाडांच्या बुंध्याशी एकेका सैनिकाच्या नावाची पाटी. लेक डिस्ट्रिक्टमध्ये गिर्यारोहकांच्या एका क्लबाने ग्रेट गेबल आणि आसपासचा डोंगराळ प्रदेश विकत घेऊन १९२३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केला.

नॅशनल ट्रस्टला १९०७ च्या कायद्याने आपली जमीन कायमची अविक्रेय ठरवण्याचा अधिकार आहे. गावच्या मैदानांच्या पाठीशी असं काही नव्हतं. १९२३ च्या युद्धस्मारक कायद्याने स्थानिक संस्थांना देखभालीवर खर्च करायची मुभा दिली, सक्ती मात्र केली नाही.

म्हणून असं मैदान वाचवायला निघालेल्यांनी फाटकावरची पाटी सोडून आधी मूळ खरेदीखत पाहावं. जमीन विश्वस्तांच्या नावे आहे की कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक संस्थेच्या? 'लोकांच्या करमणुकीसाठी न्यास' असे शब्द आहेत का? कोणत्या कायद्याखाली घेतली? उत्तर १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा किंवा १९०६ चा मोकळ्या जागांचा कायदा असेल, तर जनतेच्या वापराचा वैधानिक न्यास आपोआप लागतो, म्हणजे जागा लोकांच्या वापरासाठी राखण्याचं बंधन कायद्यानेच येतं.

पंचाईत अशी की हे कागद सापडत नाहीत. १९७४ च्या स्थानिक प्रशासनाच्या फेररचनेत इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या कौन्सिली मोडल्या आणि दप्तरं इकडून तिकडे गेली. जमीन विकली की नोंदणी करणं इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र सक्तीचं झालं ते १९९० अखेर. १९२० च्या सुमारास घेतलेलं आणि पुन्हा कधीच न विकलेलं मैदान त्यामुळे लँड रजिस्ट्रीत, म्हणजे जमीनमालकीच्या सरकारी नोंदवहीत, नसण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी मालकाने आपणहून पहिली नोंदणी करून घेणं हे खरं पहिलं काम. नोंदणीच्या नकाशावरची हद्दीची लाल रेघही डोळ्यांत तेल घालून तपासावी. पॅव्हिलियन किंवा गाड्यांची जागा रेघेबाहेर राहिली, तर पुढे तेवढाच तुकडा विकायला मोकळा राहतो.

वीस वर्षांच्या वापरावर 'व्हिलेज ग्रीन', म्हणजे कायद्याने राखलेली गावची मोकळी जागा, म्हणून नोंद करून घेऊ, असं अनेकांना सुचतं. कौन्सिलनेच खेळायला दिलेल्या मैदानावर लोक हक्काने येतात, तेव्हा तो वापर यासाठी धरला जात नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. मालक स्वखुशीने तशी नोंद करू शकतो, एवढी वाट उरते.

जास्त पक्की वाट समर्पणपत्राची, म्हणजे जागा कायम करमणुकीसाठी राखण्याचं मालकाने लिहून दिलेल्या दस्ताची. १९२५ साली स्थापन झालेली नॅशनल प्लेइंग फील्ड्स असोसिएशन, म्हणजे आजची फील्ड्स इन ट्रस्ट, हिचा यात जुना हात आहे. राजा पंचम जॉर्जच्या स्मरणार्थ झालेली ४७१ मैदानं तिच्याकडेच आली. २०१४ मध्ये तिने रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेसह 'सेंटेनरी फील्ड्स' हा उपक्रम काढला. यात मालकी आणि देखभाल कौन्सिलकडेच राहते, पण जागा विकायची किंवा करमणुकीखेरीज काही बांधायचं तर संस्थेची संमती लागते, आणि तसं बंधन लँड रजिस्ट्रीत चढवलं जातं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, त्यामुळे तिथला दस्तही वेगळा.

समर्पणपत्र नसलेल्यांना २०२३ च्या श्रुसबरी प्रकरणाने बळ दिलं. वैधानिक न्यासाची मोकळी जागा विकण्याआधी स्थानिक वृत्तपत्रात सलग दोन आठवडे जाहिरात देऊन हरकती विचारात घ्याव्या लागतात. श्रुसबरीत कौन्सिलने मैदान विकताना ते झालं नव्हतं. विक्री टिकली, पण न्यास जमिनीला चिकटूनच राहिला, असा निकाल देत सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या घरांची बांधकाम परवानगी रद्द केली. हे मैदान युद्धस्मारक नव्हतं. तत्त्व तेच लागू होतं.

झाडांचं मात्र वेगळं पाहावं लागतं. समर्पणपत्र जमिनीचं असतं, नावाची पाटी असलेल्या प्रत्येक झाडाचं नसतं. त्यासाठी वृक्षसंरक्षण आदेश, म्हणजे परवानगीशिवाय झाड तोडायला मनाई करणारा आदेश, काढून घ्यावा. आदेशातलं एखादं झाड वाळलं किंवा धोकादायक झालं म्हणून तोडलं, तर योग्य जातीचं दुसरं झाड त्याच जागी लावणं मालकावर बंधनकारक असतं, आणि नावाची पाटी हलवावी लागत नाही.