कंत्राटी आयटीवाला ‘कंपनी’ का झाला?

ब्रिटनमध्ये बँकेतलं किंवा सरकारी खात्यातलं आयटीचं कंत्राट शोधायला निघालं, की एजंटच्या फोनवर बहुतेक वेळा आधी ठरतं ते ‘इनसाइड की आउटसाइड?’ जावा किती वर्षं केलंय, हे नंतर. हा प्रश्न आयआर३५ या करनियमाचा आहे: स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणारा माणूस करापुरता नोकरदार धरला तर तो ‘इनसाइड’, स्वतंत्र व्यावसायिक धरला तर ‘आउटसाइड’.

कंत्राटी प्रोग्रॅमिंग त्याहून जुनं. स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये सहा पाउंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ काढली आणि मुलाबाळांमुळे नोकरी सुटलेल्या बायकांना घरबसल्या काम दिलं. पत्रांखाली त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करत, म्हणजे निदान उत्तर तरी येई. फोनवर मुलाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून मागे टंकलेखनाच्या खडखडाटाची टेप लावत.

खरी कलाटणी मिळाली ती १९७५ च्या वित्त कायद्याने. एजन्सीमार्फत काम करणाऱ्या व्यक्तीला करापुरतं नोकरदार धरायचं आणि तिचा कर एजन्सीने कापायचा, असं ठरलं. एजन्स्यांना ही कटकट नको होती. व्यक्तीऐवजी कंपनी आली की नियम लागू होत नव्हता, तेव्हा ‘स्वतःची लिमिटेड कंपनी काढून या’ हा त्यांचा आग्रह सुरू झाला. एका माणसाची कंपनी ही चलाख कंत्राटदारांची युक्ती असं आज सर्रास बोललं जातं, पण ती त्यांच्या गळ्यात घातली ती एजन्स्यांनी. पुढे थोडा पगार आणि उरलेला लाभांश घेऊन नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावरची सामाजिक सुरक्षेची वर्गणी, वाचतो हे कळल्यावर कुणी तक्रार केली नाही, हेही खरंच.

गिऱ्हाइकांनाही हे सोयीचं होतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजाराचे नियम सैल झाले, १९९९ मध्ये युरो आला, पाठोपाठ वाय-टू-के, म्हणजे २००० साल लागताच संगणकांच्या तारखा चुकण्याची धास्ती. प्रत्येक वेळी तारीख ठरलेली, माणसं अपुरी. सरकारी खात्यांची अडचण वेगळी: बाजारभावाचा पगार वेतनश्रेणीत बसवता येत नाही, पण प्रकल्पाच्या खर्चात रोजंदारीचा दर सहज बसतो.

मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पासोबत कर खात्याचं ३५ व्या क्रमांकाचं पत्रक निघालं. नियमाचं नाव त्यावरूनच पडलं. शुक्रवारी नोकरी सोडलेला माणूस सोमवारी सल्लागार म्हणून येऊन तेच काम करतो, हे त्यात दिलेलं उदाहरण. एप्रिल २००० पासून नियम लागू झाला, पण आपण आत की बाहेर हे कंत्राटदारानेच ठरवायचं होतं. साहजिकच बहुतेक जण बाहेर निघाले.

२०१२ मध्ये विद्यार्थी कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रमुखाचाच मोबदला त्याच्या कंपनीच्या नावे जातो, हे उघड झालं आणि सरकारची पंचाईत झाली. एप्रिल २०१७ पासून सरकारी क्षेत्रात हा निर्णय काम देणाऱ्या खात्याकडे गेला. एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या आणि मध्यम खासगी कंपन्यांनाही तेच लागू झालं. कोविडमुळे एक वर्ष उशीर झाला होता. प्रत्येक करार तपासत बसण्यापेक्षा अनेक बड्या बँकांनी एकल कंपन्यांना सरसकट दार बंद केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ही सुधारणा रद्द होणार असं जाहीर झालं. महिन्याभरात ती घोषणाच रद्द झाली.

सरकारी कामात आणखी एक पेच आहे, सुरक्षा मंजुरीचा. ती स्वतः अर्ज करून मिळत नाही, तुमच्यासाठी ती मागणारी संस्था पुरस्कर्ता म्हणून लागते. पुष्कळ जाहिरातींना मात्र मंजुरी आधीच असलेला माणूस हवा असतो.

इनसाइड कामाचे पैसे आता बहुधा ‘अंब्रेला’ कंपनीमार्फत येतात, म्हणजे कंत्राटदाराला आपला नोकर म्हणून पगार देणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत. तिच्या हिशेबाच्या कागदावर ठरलेल्या दरातून आधी मालकाचं देणं वजा होतं: १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स, अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठीचा कर). मग उरलेल्या रकमेला पगार म्हणायचं आणि त्यातून नोकराचा कर कापायचा.