थर्मामीटरच्या वहीतून चौकटीच्या वहीत

डिसेंबर लागला की नाशिकमध्ये सकाळच्या पेपरात आधी निफाडचा पारा बघितला जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेलं किमान तापमान, आणि शेजारी शहराचं. द्राक्षबागायतदाराचा त्या आकड्यात जीव अडकलेला असतो, बाकीच्यांना थोडा अभिमानही वाटतो. या आठ-दहा दिवसांच्या आकड्यांचा आलेख काढा असं पाचवी-सहावीच्या वर्गाला सांगितलं, की बहुतेक पोरं पट्टी घेऊन स्तंभ आखायला बसतात. सारख्या रुंदीचे, मधलं अंतर समान, वर प्रमाण लिहिलेलं. ठिपके देऊन जोडा म्हटलं की विचारतात, "सर, जोडायचे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. रेषालेखाचा इतिहास पाहिला तर तो तिथूनच सुरू होतो, आणि सुरुवातीला चक्क एक शिकणारा मुलगाच आहे.

विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा, जन्म १७५९चा. तो तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि घराची जबाबदारी थोरल्या भावावर आली. भाऊ जॉन पुढे एडिनबरोचा नामवंत गणिती झाला. भूमितीच्या पुस्तकांत समांतर रेषांचं एक गृहीतक आजही त्याच्या नावानं येतं. या जॉननं धाकट्याला एक काम लावून दिलं होतं. थर्मामीटरची रोजची नोंद ठेवायची, पण नुसते आकडे लिहून नाही. सारखे भाग पाडलेल्या मापावर रेघा ओढून चढउतार दाखवायचा. जे आकड्यांत सांगता येतं ते रेघांतही दाखवता येतं, हे आपण भावाकडून शिकलो, असं विल्यमनं पुढे कृतज्ञतेनं लिहून ठेवलं आहे.

हाच मुलगा मोठेपणी बर्मिंगहॅमला जेम्स वॉटकडे नकाशे-आराखडे काढायला होता. १७८६मध्ये त्यानं इंग्लंडच्या आयात-निर्यातीवर एक संग्रह छापला. त्यात ४४ आलेख होते आणि त्यांतले ४३ काळानुसार बदल दाखवणारे. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर पौंड, आणि आयात-निर्यातीच्या दोन रेषांमधल्या जागेत व्यापाराची तूट किंवा शिल्लक. आज अर्थसंकल्पाच्या बातमीत दिसणारं चित्र जवळपास तेच आहे.

उरलेला चव्वेचाळिसावा आलेख मला सगळ्यांत मजेशीर वाटतो. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची रेघ कशी ओढणार? म्हणून त्यानं देशागणिक पट्टे काढले, आणि यात काळाचा अंशच नसल्यामुळे हा आलेख बाकीच्यांच्या मानानं कमी उपयोगाचा आहे अशी कबुलीही देऊन टाकली. हा छापील स्तंभालेखाचा एक आद्य नमुना मानला जातो. म्हणजे स्तंभ आले ते माहिती अपुरी पडली म्हणून. आपण शाळेत नेमका तोच आधी शिकवतो, आणि वर्षानुवर्षं तिथेच थांबतो.

प्लेफेअरच्या आधी कुणी ठिपके जोडलेच नव्हते असं नाही. दहाव्या-अकराव्या शतकातल्या एका युरोपीय हस्तलिखितात चौकटी आखून सूर्य, चंद्र आणि पाच ग्रहांच्या मार्गांच्या वळणदार रेघा काढलेल्या आहेत. पण ती कल्पना पुढे कुणी उचलली नाही. देकार्तची निर्देशकांची भूमिती १६३७ची, हॅलेचा उंचीनुसार हवेचा दाब दाखवणारा वक्र १६८६चा, लँबर्टचे जमिनीच्या तापमानाचे वक्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. एवढी माणसं या कल्पनेच्या जवळ येऊनही रेषालेख सार्वजनिक वापरात यायला इतका वेळ का लागला? मला वाटतं, कोष्टकाची सवय फार पक्की असते. आपल्याकडचंच पाहा. त्र्यंबकेश्वर जवळ असलेल्या या गावात पंचांग घराघरांत. ग्रहांचं रोजचं स्थान अंशा-कलांत मांडलेलं, रकान्यांमागून रकाने. त्या रकान्यांवरून ग्रह वक्री झाला हे जाणकाराला लगेच कळतं. त्याला रेघ ओढायची गरजच पडत नाही. रेघ लागते ती न जाणणाऱ्याला.

एकोणिसाव्या शतकात ही गरज भराभर वाढली. जर्मनीत वुंडरलिख या डॉक्टरनं हजारो रुग्णांचं तापमान नियमित नोंदवलं आणि १८६८मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. खाटेच्या पायाशी टांगलेला तापाचा तक्ता त्या काळात रूढ झाला. आपल्याकडे अंगणवाडीताई बाळाचं वजन घेऊन वाढीच्या तक्त्यावर ठिपका देतात, तोही रेषालेखच. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरचं मूल पहिलीत येऊन आकडे गिरवायच्या कितीतरी आधी स्वतः एका रेषालेखावर चढलेलं असतं. रेघ आडवी झाली की ताईंच्या कपाळावर आठी येते. पुढे त्याच मुलाला शाळेत हा आलेख अवघड प्रकरण म्हणून भेटतो.

रेल्वेनं आणखी एक प्रकार आणला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. फ्रान्समध्ये इब्री या इंजिनिअरच्या नावावर जमा असलेली ही पद्धत रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसांत मुरली. दोन रेघा जिथे छेदतात तिथे गाड्या एकमेकींना भेटतात; रेघ जिथे आडवी होते तिथे गाडी उभी आहे.

इथे नाशिकच्या मुलांसाठी कसारा घाटाइतकं चांगलं उदाहरण नाही. १८६५ साली सुरू झालेल्या या घाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात आणि गाडी सावकाश इगतपुरीला चढते. आता मुंबई ते नाशिक रोड प्रवासाचा अंतर-वेळ आलेख काढायला सांगा. मुलं कसाऱ्यापाशी रेघ एकदम उभी चढवतात, कारण घाट चढतो. प्रत्यक्षात तिथे गाडी मंदावते, तेवढ्याच वेळात कमी अंतर कापलं जातं, म्हणून आलेखातली रेघ तिथे उलट सपाट होते. डोंगर जिथे सगळ्यांत उभा, तिथे रेघ लोळलेली! हे पटायला एक तास पुरत नाही. आम्ही एकदा वर्गात दोरी ताणून एका मुलाला गाडी केलं आणि दर पाच टाळ्यांना तो कुठे पोचला त्याची खूण केली. घाटात खुणा दाटीवाटीनं आल्या, तेव्हा कुठे चेहरे उजळले.

ही चूक फक्त आपल्या पोरांची नाही. १९८१मध्ये इंग्लंडमध्ये माध्यमिक वयाच्या मुलांच्या गणिती समजुतींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही प्रवासाचा आलेख पाहून कितीतरी मुलांनी सांगितलं होतं की माणूस डोंगर चढला, मग उतरला. आलेखाला चित्र समजणं. त्यानंतर अमेरिकेतल्या फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७मध्ये आलेखवाचनाच्या तीन पायऱ्या मांडल्या: आलेखात आहे ते वाचणं, मधलं वाचणं, पलीकडचं वाचणं. 'बुधवारी पारा किती होता' ही पहिली. 'कोणत्या दोन दिवसांत सर्वाधिक घसरला' ही दुसरी. 'उद्या शेकोटी लागेल का' ही तिसरी. आपले बहुतेक प्रश्न पहिल्या पायरीवरच बसून असतात.

शाळेत रेषालेख आला तो मात्र या कुठल्याच वाटेनं नाही. तो आला वरून, बीजगणितातून. चौकटी छापलेला कागद १७९४पासून मिळत होता, पण शतकभर तो महागच होता. १९०१मध्ये जॉन पेरी या इंजिनिअरनं, जो जपानमध्ये शिकवून आला होता, ग्लासगोच्या भाषणात गणित शिकवण्याची जुनी रीत मोडा आणि मुलांच्या हाती चौकटीचा कागद द्या असा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी शिकागोचे गणिती मूर यांनी तीच बाजू घेतली. जर्मनीत गणिती फेलिक्स क्लाइन यांच्या प्रभावाखाली झालेल्या १९०५च्या मेरान या अभ्यासक्रम आराखड्यानंही. तिघांच्याही डोळ्यांसमोर मुख्यतः माध्यमिक शाळा होती. त्यामुळे आलेख म्हणजे क्ष-अक्ष, य-अक्ष, आरंभबिंदू आणि समीकरणाची सरळ रेघ, ही ओळख पक्की झाली. आपल्याकडेही दहावीच्या दोन चलांच्या समीकरणांपाशी आलेख कागद विकत आणला जातो. गंमत म्हणजे पहिलीपासून दप्तरात असलेली चौकटीची वही हा आलेख कागदच आहे. एका घरात एक अंक लिहायला तो वापरला जातो इतकंच.

प्राथमिक वर्गांत माहिती गोळा करून मांडणं हा विषय ठळकपणे आला २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर. एनसीईआरटीच्या पाचवीच्या पुस्तकात मुगाच्या रोपाची दर चार दिवसांनी मोजलेली उंची आली, आठवीत रुग्णाच्या तापाची रेघ. आपल्या बालभारतीच्या गणितात क्रम चित्रालेख, स्तंभालेख, जोडस्तंभालेख असा चढत गेला. रेषालेखाची खरी भेट मुलांना भूगोलात होते. तिथे एकाच चौकटीत तापमानाची रेघ आणि पावसाचे स्तंभ असतात, आणि ते तसे का, हे क्वचितच सांगितलं जातं. तापमान सतत असतं. दोन नोंदींच्या मध्येही ते कुठेतरी असतंच, म्हणून ठिपके जोडता येतात. पाऊस मात्र महिनाभराची बेरीज आहे. जूनच्या आणि जुलैच्या बेरजेच्या मध्ये काही नसतं.

२०१६-१७मध्ये शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला गेली होती. तिथे उत्तर म्हणजे पर्यायाचा गोळा रंगवणं. गोळ्यात आलेख काढता येत नाही, म्हणून वाचनाचा सराव होतो आणि रचना मागे पडते. प्रमाण कोणतं घ्यावं, अक्ष शून्यापासून सुरू करावा की मध्ये नागमोडी तोड दाखवावी, हे निर्णय स्वतः घेतल्याशिवाय कळत नाहीत. गंगापूर धरणाचा साठा, क्षमता ५६३० दशलक्ष घनफूट, दर आठवड्याला मांडायचा तर एका घराला १०० की ५००? हा वाद वर्गात अर्धा तास चालतो, आणि चालावा.

ठिपके जोडायचे कशाला, याचं उत्तर शेवटी लासलगावच्या कांद्यानं मिळालं. बाजार समितीचे भाव किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकड्यांत येतात, क्विंटलमागे. मुलांनी पंधरा दिवसांचे सरासरी भाव घेऊन ठिपके दिले, जोडले. मग एका मुलीच्या लक्षात आलं की रविवारी लिलाव नसतो. घरच्यांनी सांगितलं की पूर्वी अमावस्येलाही बंद असायचा. शनिवार ते सोमवार रेघ तर रविवारवरून गेली होती, जणू त्या दिवशीही कुणी बोली लावली. निम्म्या वर्गाचं म्हणणं, रेघ खोडा. उरलेले म्हणाले, कांदा तर साठवणीच्या चाळीत होताच, त्याची काहीतरी किंमत असणारच. तिनं रविवारच्या घरापुरती रेघ तुटक काढली आणि खाली लिहिलं, 'बाजार बंद'.