लहान बॉल बेअरिंगची निवड

लहान बॉल बेअरिंगची निवड : घरगुती उपकरणांची दुरुस्ती आणि हौशी यंत्रकाम यांसाठी लागणारे, साधारण ३ ते २५ मिलिमीटर भोकाचे बेअरिंग ओळखणे, मोजणे, कामाप्रमाणे निवडणे आणि जागेवर बसवणे. मराठी परिभाषेत बेअरिंगला ‘धारवा’ असा चांगला शब्द आहे, पण दुकानात आणि वर्कशॉपमध्ये सगळे बेअरिंगच म्हणतात. आतले कडे ते ‘इनर’, बाहेरचे ते ‘आउटर’, मधल्या गोळ्या ते ‘छर्रे’ आणि छर्ऱ्यांना एकमेकांपासून लांब ठेवते ती ‘जाळी’. छर्रे आणि कडी बहुधा क्रोमियमयुक्त पोलादाची असतात. त्यात कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम सुमारे दीड टक्का असते. आपल्याकडचे खरादी याच पोलादाला ‘ईएन ३१’ म्हणतात.

छर्ऱ्यांवर फिरणारा आस ही कल्पना लोकप्रिय केली ती सायकलने. पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरे यांनी १८६९ मध्ये सायकलसाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षी पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर यांनी अशा बेअरिंगच्या सायकलवर जिंकली. सगळे छर्रे एकसारखे गोल घडवणे मात्र अवघड होते. जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये छर्रे घासून गोल करणारे यंत्र बनवले आणि बेअरिंग स्वस्तात, ढिगाने निघू लागले. आज पुण्याजवळ चिंचवडलाही बेअरिंग तयार होतात.

बेअरिंगवरचा आकडा फक्त त्याची मापे सांगतो. झाकण कोणते, आतली फट किती आणि शाफ्टवर (भोकातून जाणाऱ्या दांड्यावर) ते किती घट्ट बसणार, हे आपण ठरवायचे असते. दुरुस्ती महिन्याभरात पुन्हा बिघडते ती बहुतेक वेळा या तीन गोष्टींमुळे. कंपनीच्या नावामुळे बिघडण्याचे प्रसंग त्या मानाने थोडे.

आकडा कसा वाचावा

सर्वांत नेहमीचे बेअरिंग म्हणजे एका ओळीत छर्रे असलेले, खोल खाचेचे. त्याचा आकडा ६ पासून सुरू होतो. चार आकडी क्रमांकात दुसरा अंक जाडीची मालिका दाखवतो आणि शेवटचे दोन अंक भोक सांगतात. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे पाचाने गुणायचे. म्हणजे ६२०४ चे भोक २० मिलिमीटर. ६००२ आणि ६२०२ या दोघांचे भोक १५ च आहे, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ३२ आणि दुसऱ्याचा ३५. दुसरे जाडही आहे आणि जास्त भार घेते.

तीन आकडी क्रमांकात शेवटचा अंक सरळ मिलिमीटरमध्ये भोक सांगतो. ६२३ चे भोक ३, ६२५ चे ५, ६०८ चे ८. फोनवर ऑर्डर देताना इथेच फसगत होते. ‘सहाशे आठ’ सांगायचे आणि समोरच्याने ‘सहा हजार आठ’ लिहून घ्यायचे, की घरी येते ४० मिलिमीटर भोकाचे भले मोठे बेअरिंग. दुसरी फसगत ६०८ आणि ६२७ यांची. दोघांचा बाहेरचा व्यास २२, दोघांची जाडी ७. फरक फक्त भोकात, एकाचे ८ आणि दुसऱ्याचे ७. टेबलावर शेजारी ठेवले तरी डोळ्यांना कळत नाही. स्केटची काही चाके ७ मिलिमीटरच्या आसाची असतात, म्हणून नवे बेअरिंग घेताना जुने चाक खिशात टाकून न्यावे.

आकडा पुसला गेला असेल तर व्हर्नियरने तीन मापे घ्यायची: भोक, बाहेरचा व्यास, जाडी. त्यासोबत शाफ्टही मोजावा. जुने बेअरिंग शाफ्टवर फिरत राहिले असेल तर शाफ्ट झिजून बारीक झालेला असतो, आणि त्यावर नवे बेअरिंग चढवून काही उपयोग होत नाही. भोक ६.३५ निघाले तर ते इंची मालिकेतले आहे. इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारे क्रमांक त्याच मालिकेचे. यो-यो आणि बोटांवर फिरवायच्या भिंगरीत दिसणारे आर१८८ हे पाव इंच भोकाचे आहे. त्याच्या जागी ६ मिलिमीटरचे शाफ्टवर चढणारच नाही.

छताचा पंखा : एक उदाहरण

भारतीय घरांत बेअरिंगची सर्वांत जास्त गाठ पडते ती छताच्या पंख्यात. तिथे ६२०१ आणि ६२०२ हे आकार सर्रास दिसतात (१२ × ३२ × १० आणि १५ × ३५ × ११). या पंख्यात शाफ्ट स्थिर असतो आणि भोवतीची वाटी पात्यांसह फिरते. म्हणजे इनर उभा आणि आउटर फिरता, आणि फिरत्या भागाचे वजन बेअरिंगला खाली ओढत असते.

इतके वजन हे छोटे बेअरिंग पेलते का? ६२०२ ची गतिमान भारक्षमता सुमारे ७,८०० न्यूटन असते. चार किलोचा फिरता भाग अक्षाच्या दिशेने ओढतो असे धरले, तर हिशेबाला भार १०० न्यूटनच्या आत येतो. आयुष्याचे सूत्र सोपे आहे. क्षमतेला भाराने भागायचे आणि येणाऱ्या आकड्याचा घन करायचा, की उत्तर दशलक्ष फेऱ्यांत मिळते. ७,८०० भागिले १०० म्हणजे ७८, आणि त्याचा घन पावणेपाच लाखांच्या आसपास. मिनिटाला ३५० फेऱ्यांच्या वेगाने इतके दशलक्ष फेरे पुरे व्हायला अडीच हजार वर्षे लागतील. पंख्याचे बेअरिंग भाराने मरतच नाही. ते मरते ग्रीस वाळल्यामुळे, धूळ शिरल्यामुळे, दमट हवेत गंज चढल्यामुळे आणि बसवताना खाल्लेल्या हातोडीमुळे. उघडून पाहिले तर ग्रीसचा रंग काकवीसारखा झालेला असतो आणि नखाने खरवडल्यावर त्याचे पापुद्रे निघतात.

म्हणून पंख्यासाठी ‘हेवी ड्यूटी’ बेअरिंग मागण्यात काही मिळत नाही. त्याच मापाचे, चांगले ग्रीस भरलेले आणि नीट झाकलेले बेअरिंग मागावे. दोन्ही एकदम बदलावीत. एक खराब झाले तेव्हा दुसऱ्यानेही तितकीच वर्षे आणि तीच धूळ खाल्लेली असते.

झाकण आणि ग्रीस

क्रमांकापुढची अक्षरे झाकण सांगतात. ‘झेडझेड’ किंवा ‘२झेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. ती इनरला टेकत नाहीत, बारीक फट राहते. त्यामुळे बेअरिंग हलके फिरते, मोठा वेग सोसते, पण बारीक धूळ आणि पाणी अडवू शकत नाही. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, आणि त्याची ओठासारखी कड इनरला घासत असते. धूळपाणी चांगले अडते, पण फिरायला थोडे जड लागते आणि वेगाची मर्यादा बरीच खाली येते. पिठाच्या गिरणीजवळचे काम, कपडे धुण्याचे यंत्र, सायकलचे चाक यांना रबरी सील. लहान वेगवान मोटर किंवा स्पिंडलला पत्रा. पंख्यात दोन्ही चालतात. माझे मत रबरी सीलकडे झुकते, कारण तिथला वेग कमी आणि धूळ अमाप.

दुकानात बोटाने फिरवून जे जास्त वेळ फिरते ते चांगले, हा समज मुळात चुकीचा आहे. नव्या, ग्रीस भरलेल्या बेअरिंगने एकदोन फेऱ्यांत थांबणे हेच बरोबर. खूप वेळ फिरले तर आत पातळ तेल आहे किंवा काहीच नाही. भिंगरी जास्त फिरावी म्हणून तिचे ग्रीस धुऊन टाकतात. खेळण्यात ते ठीक, मोटरमध्ये तेच बेअरिंग लवकर रडू लागते. गंज सोडवायचा फवारा मारून आवाज बंद करणे हाही दोनचार दिवसांचाच खेळ, कारण तो फवारा उरलेसुरले ग्रीस विरघळवून बाहेर काढतो. उघड्या बेअरिंगमध्ये स्वतः ग्रीस भरायचे तर आतल्या मोकळ्या जागेचा साधारण एक तृतीयांश भाग भरावा. ठासून भरले की ग्रीस घुसळले जाऊन तापते.

फट आणि अचूकता

छर्रे आणि कडी यांच्यात मुद्दाम ठेवलेली अतिसूक्ष्म फट असते. ६२०२ मध्ये नेहमीची फट ३ ते १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि ‘सी३’ लिहिले असेल तर ११ ते २५. इनर शाफ्टवर दाबून बसवला की किंचित फुगतो, मोटर तापली की आणखी फुगतो आणि ही फट खाल्ली जाते. म्हणून तापणाऱ्या मोटरला सी३ योग्य. थंड, हळू चालणाऱ्या कामात मात्र सी३ मुळे उलट खुळखुळ ऐकू येऊ शकते. जुन्या बेअरिंगवर जे लिहिले होते तेच आणावे.

‘एबीईसी ७’, ‘एबीईसी ९’ असे शिक्के स्केटच्या बेअरिंगवर मिरवतात. हा मापांच्या आणि फिरण्याच्या अचूकतेचा अमेरिकी दर्जा आहे. पोलाद, ग्रीस, सील किंवा ताकद यांबद्दल तो काहीही सांगत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याचे पैसे मोजू नयेत.

बसवण्याची रीत

सगळ्यात जास्त बेअरिंग इथे वाया जातात. नियम एकच: जे कडे घट्ट बसते आहे त्यालाच दाब द्यायचा. शाफ्टवर चढवताना इनरवर, घरात (म्हणजे बेअरिंग बाहेरून ज्या खोबणीत बसते तिच्यात) बसवताना आउटरवर. शाफ्टवर चढवताना आउटरवर ठोकले तर सगळा धक्का छर्ऱ्यांतून जातो आणि खाचेत छर्ऱ्यांच्या अंतराने बारीक खड्डे पडतात. ६०८ ची स्थिर भारक्षमता सुमारे १.४ किलोन्यूटन, म्हणजे १४० किलोच्या आसपास. हातोडीचा एक फटका त्याच्या सहज पुढे जातो. असे बेअरिंग बोटांत धरून हळू फिरवले तर कट्‌ कट्‌ असे ठराविक अंतराने अडखळते. हे एकदा बोटांनी अनुभवले की माणूस पुन्हा बेअरिंगवर हातोडी उचलत नाही.

घरी प्रेस नसते. इनरएवढ्या व्यासाचा पाइपचा सरळ कापलेला तुकडा किंवा पान्याचा सॉकेट घ्यावा, शाफ्ट पुसून तेलाचा थेंब लावावा आणि बेअरिंग सरळ धरून व्हाइसमध्ये हळूहळू दाबावे. तिरके चढू लागले की थांबून काढावे. काढताना पुलर (ओढून काढायचे अवजार) वापरावा. काढलेले बेअरिंग परत वापरू नये, कारण ओढताना जोर बहुधा छर्ऱ्यांतूनच गेलेला असतो.

हौशी कामात

हौशी माणसाने ६०८ पासून सुरुवात करावी. स्केटमुळे ते प्रचंड संख्येने बनते, म्हणून स्वस्त मिळते, आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट त्यात थेट जातो. २००५ मध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी सुरू केलेल्या ‘रेपरॅप’ या स्वतःचेच भाग छापणाऱ्या प्रिंटरच्या प्रकल्पात ते सर्रास वापरले गेले. छापलेल्या प्लास्टिकच्या घरात ६०८ बसवताना भोक बरोबर २२ काढले तर प्लास्टिक आकसल्याने बेअरिंग आवळले जाते. आधी एक कडे छापून पाहावे आणि हाताच्या अंगठ्याने दाबून बसेल इतपत माप वाढवावे. भार कमी आणि जागा अडचणीची असेल तर पातळ मालिकेतले ६८८ (८ × १६) पाहावे. एका बाजूला कड हवी असेल तर क्रमांकाआधी ‘एफ’ असलेले घ्यावे, म्हणजे घरात खाच करावी लागत नाही. उभ्या आसावर खरोखर जड वजन ठेवायचे असेल तर ५११०० सारखे थ्रस्ट बेअरिंग लागते. आणि जिथे मूळचा पितळी बुश (छर्रे नसलेली साधी नळी) आहे, जसे बऱ्याच टेबल फॅनमध्ये, तिथे बेअरिंग घालायचा अट्टहास नको. बुशला तेल पाजले की तो शांतपणे चालतो.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हा माल मिळतो, आणि नामांकित खोक्यातला नकली मालही बाजारात असतो. कड्यावरची अक्षरे पुसट किंवा वाकडी असणे, झाकण सैल असणे, फिरवताना खरखर लागणे या खुणा पाहाव्यात. खोके दुकानात फोडून बघावे, पण घरी आणल्यावर बेअरिंग तेलकट कागदातच ठेवावे आणि बसवायच्या क्षणी उघडावे. घामाच्या बोटांचे ठसे पावसाळ्यात दोन दिवसांत गंजाचे ठिपके होतात. निकामी निघालेल्या बेअरिंगचे आउटर फेकू नये. बाहेरून किंचित घासले की त्याच मापाचे नवे बेअरिंग घरात दाबून बसवायला त्याच्याइतके नेमके हत्यार दुसरे नाही. गल्लीतल्या पोरांना गाडीसाठी हवे असेल, तर अख्खे बेअरिंग त्यांना द्यावे. फळकुटाखाली तीन जुनी बेअरिंग ठोकून उतारावरून खडखडत जाणारी ती गाडी महाराष्ट्रात अनेकांनी लहानपणी ओढली आहे.