साखळीत नवं ते काय?

साखळीच्या पेटंटावरून वाद निघाला, की बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतला जुना फिटर पहिल्यांदा म्हणणार, "ह्यात नवं ते काय? हे आम्हीही केलं असतं." कायदाही जवळपास हेच विचारतो. फक्त त्याला पुरावा लागतो.

संकेश्वर, उगार, चिकोडी हा साखरेचा पट्टा. हंगामात गव्हाणीतला ऊस गाळपाकडे नेते ती साखळीच. उसाचा आम्लधर्मी रस आणि माती यांनी कड्या जोडणारी पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजतात, साखळी 'लांबते' आणि चाकाच्या दातांवर चढायला लागते. मग कोणी पिन जास्त कडक करतं, कोणी बुशची जाडी बदलतं. बदल लहान, पण गाळप थांबण्याची किंमत मोठी. म्हणूनच पेटंटाचा मोह.

अडचण अशी, की साखळी फार जुनी. एवर्ट नावाच्या संशोधकाने सुट्या कड्यांच्या साखळीचं पेटंट अमेरिकेत 1874 मध्ये घेतलं, तर हान्स रेनॉल्डची बुश-रोलर साखळी मँचेस्टरमध्ये 1880 मध्ये आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं तेव्हा, 1888 मध्ये, साखळीचा मूळ सांगाडा ठरून गेलेला होता.

भारतात या प्रश्नाची कसोटी लागली ती भांड्यांवर. मिर्झापूरच्या भांडी घडवणाऱ्यांचा लेथवर भांडं धरण्याच्या युक्तीवरून वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ते पेटंट रद्दच ठरवलं: ओळखीच्या वस्तू जोडून केलेली निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

शोधात खरंच नवं पाऊल आहे का, हे ठरवणारी कायद्यातली 2005 पासूनची व्याख्या दोन पायांवर उभी आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि शिवाय त्या कामात मुरलेल्या माणसाला ती गोष्ट सहज सुचणारी नसावी. 'स्वस्त पडते' एवढ्यावर भागत नाही. उलट, उत्तर समोर आल्यावर सगळंच सोपं वाटतं, म्हणून फिटरचं 'आम्हीही केलं असतं' हेही जसंच्या तसं धरत नाहीत. अर्जाच्या तारखेआधी ते सुचलं असतं का, हे बघतात.

इथे कर्नाटक-महाराष्ट्र सीमाही आडवी येते. उद्यमबागेतल्या माणसाचा अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयात जातो, आणि हाकेच्या अंतरावरच्या, पण महाराष्ट्रातल्या शिनोळीतल्याचा मुंबईला. कायदा मात्र एकच. पेटंट मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरात कोणाही हितसंबंधिताला पेटंट कायद्याच्या कलम 25 खाली हरकत घेता येते. नंतर कलम 64 खाली रद्द करण्याची मागणी करता येते. त्या वेळी कामाला येतात जुने कॅटलॉग, तारीख घातलेली ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकाला माल दिल्याची चलनं. नेमकी हीच कागदं आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.